तरंगत्या पवनचक्कीचा तोल आणि लाटेचे काम



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते आंदोलनांचा धडा इतर कुठल्याही धड्यापेक्षा सावकाश शिकवत. त्यांचे विद्यार्थी आज समोर बसले आहेत, म्हणून मीही आंदोलनांचाच विषय निवडला आहे. भर समुद्रात तरंगणारी पवनचक्की, तिला सतत हलवणारी लाट, आणि त्याच लाटेची ऊर्जा काढून घेऊन चक्कीला स्थिर ठेवण्याचे प्रयत्न, असा तो विषय आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. चक्की आणि लाटयंत्र यांच्या या जोडयंत्रांचा हिशेब आजवर लाटेपासून मिळणाऱ्या विजेवर मांडला गेला, आणि त्या हिशेबात ती नापास होत आली. लाटेची ऊर्जा काढून घेतल्यामुळे जे हलणे थांबते, त्याची किंमत मांडली तर निकाल वेगळा लागतो.

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या आहेत. समुद्रात अशा चक्क्या उभारायला डेन्मार्कने १९९१ साली सुरुवात केली. लोलँड बेटाजवळ विंडबी इथे उथळ पाण्यात प्रत्येकी ४५० किलोवॅटच्या ११ चक्क्या उभ्या राहिल्या. त्या तळावर रोवलेल्या होत्या. आजही समुद्रातल्या बहुतेक सगळ्या पवनचक्क्या अशाच रोवलेल्या असतात. पण पाणी साधारण ६० मीटरपेक्षा खोल गेले की तळापर्यंत पोचणारा पोलादी पाया परवडेनासा होतो. युरोपच्या समुद्रावरच्या वाऱ्यापैकी सुमारे ८० टक्के वारा त्याहून खोल पाण्यावर वाहतो. नॉर्वे, पोर्तुगाल, स्पेनचा उत्तर किनारा, जपान या ठिकाणी तर किनारा सोडला की लगेच तळ खाली जातो. तिथे चक्की तरंगतीच हवी.

ही कल्पना विल्यम हेरोनेमस यांनी १९७२ सालीच मांडली होती. अमेरिकी नौदलातून निवृत्त होऊन ते मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकवत होते. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यासमोर तरंगत्या चक्क्यांची रांग उभारावी, असा त्यांचा आराखडा होता. मोठी तरंगती चक्की प्रत्यक्ष उभी राहायला २००९ साल उजाडले. नॉर्वेच्या कारमय बेटासमोर ‘हायविंड’ नावाची २.३ मेगावॅटची चक्की बसली. २०१७ मध्ये स्कॉटलंडच्या पीटरहेडसमोर त्याच घडणीच्या प्रत्येकी ६ मेगावॅटच्या पाच चक्क्या सुरू झाल्या. पहिल्या पाच वर्षांत त्यांनी आपल्या कमाल क्षमतेच्या सरासरी ५४ टक्के वीज दिली. इतकी सरासरी जमिनीवर क्वचितच मिळते. खोल समुद्रावरचा वारा किती भरवशाचा असतो, हे त्या पाच चक्क्यांनी दाखवून दिले.

तरंगत्या वस्तूला उभे ठेवण्याच्या तीन रीती आहेत. पहिली वजनाची: तळाशी एवढे नीरम, म्हणजे जड भार, भरायचे की गुरुत्वमध्य खूप खाली जाईल. हायविंड हा असा एक लांबट पोलादी स्तंभ आहे. स्कॉटलंडमधला स्तंभ पाण्याखाली ७८ मीटर जातो आणि चक्कीसकट सगळ्याचे वजन १२,००० टनांच्या घरात आहे. दुसरी रीत पसाऱ्याची: तरंगणारे भाग एकमेकांपासून दूर ठेवायचे, म्हणजे एका बाजूला कल झाला की त्या बाजूचा भाग जास्त बुडतो आणि पाणी त्याला वर उचलते. कोकणातल्या होडीला बाजूने बांधलेली उलांडी हेच काम करते. तिसरी रीत तळाला ताणून बांधलेल्या दोरांची. यापैकी पहिली रीत फार स्थिर, पण तिला खोल बंदर लागते. हायविंडचे स्तंभ नॉर्वेच्या एका खोल फ्योर्डमध्ये उभे करून, वर चक्की चढवून मग समुद्रात ओढत नेले. असे फ्योर्ड जगात थोड्याच देशांच्या वाट्याला आले आहेत.

दुसऱ्या रीतीतला सर्वांत साधा प्रकार म्हणजे बार्ज. मांडवी-झुवारीवरून खनिज वाहणाऱ्या बार्जी गोव्याच्या लोकांना परिचयाच्या आहेत. सपाट, रुंद, उथळ आणि कुठल्याही साध्या गोदीत बांधता येईल अशी. ग्लासगो आणि स्ट्रॅथक्लाइड या विद्यापीठांच्या नौकाअभियांत्रिकी विभागाने अशा एका बार्जचा आराखडा केला होता: ४० मीटर लांब, ४० मीटर रुंद, १० मीटर उंच, आणि पाण्यात जेमतेम ४ मीटर बुडालेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने ठरवलेली ५ मेगावॅटची नमुना चक्की तिच्यावर बसवून जगभर गणिते झाली. बांधायला स्वस्त आणि ओढायला सोपी अशी ही बार्ज. तिचा एकच दोष आहे, पण तो मोठा आहे. ती लाटेबरोबर डोलते. पुढे-मागे झुकण्याचा तिचा स्वाभाविक आवर्तनकाळ सुमारे १२ सेकंद, आणि समुद्राच्या मोठ्या लाटाही नेमक्या याच आवर्तनकाळाच्या आसपास येतात. अनुस्पंदनाचा धडा शिकलेल्यांना पुढचे सांगायला नको: लय जुळली की डोल वाढत जातो. हायविंडच्या स्तंभाचा आवर्तनकाळ ३० सेकंदांच्या आसपास असल्यामुळे तो यातून वाचतो.

आता हे डोलणे किती महाग पडते, ते आकड्यांत पाहू. ५ मेगावॅटच्या त्या नमुना चक्कीच्या पात्यांचे केंद्र पाण्यापासून ९० मीटर उंच आहे. तिथे पाती, जनित्र आणि गिअरबॉक्स मिळून ३५० टन वजन आहे. बार्ज १२ सेकंदांच्या आवर्तनात दोन्हीकडे पाच-पाच अंश झुकते आहे असे धरा. पाच अंश म्हणजे डेकवर उभ्या माणसाला थोडासा कल. पण ९० मीटर उंचीवर ते केंद्र मधल्या रेषेपासून पुढे जवळजवळ ८ मीटर आणि मागे ८ मीटर सरकते. त्याचा कमाल वेग सेकंदाला ४ मीटरच्या वर जातो. ३५० टनांचा तो भार दर ६ सेकंदांनी एकदा थांबवून उलट दिशेला वळवायला लागणारे बल येते सुमारे ७५० किलोन्यूटन. याच चक्कीवर वाऱ्याचा जास्तीत जास्त दाब किती असतो? सुमारे ८०० किलोन्यूटन. वारा चक्कीला जेवढे रेटतो, जवळपास तेवढेच रेटणे लाट एकटी करते, आणि तेही क्षणोक्षणी दिशा बदलत.

वाऱ्याचे गणितही बिघडते. वारा सेकंदाला ११ मीटर या एकसारख्या वेगाने वाहत असला, तरी पुढे-मागे ४ मीटर वेगाने डोलणाऱ्या पात्यांना तो कधी १५ तर कधी ७ मीटर वेगाचा भासतो. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणजे या दोन टोकांत जवळजवळ दहापटींचा फरक पडतो.

याहून बारीक एक गोष्ट आहे, आणि मला ती या सगळ्या विषयातली सर्वांत बोधप्रद वाटते. वारा ठरावीक वेगापेक्षा जोरात वाहू लागला की चक्कीचा नियंत्रक पाती थोडी वळवतो, म्हणजे वीज प्रमाणाबाहेर जात नाही. पाती वळली की वाऱ्याचा दाबही कमी होतो. आता चक्की लाटेमुळे वाऱ्याच्या दिशेने पुढे झुकते आहे अशी कल्पना करा. पात्यांना वारा वाढल्यासारखे वाटते. नियंत्रक पाती वळवतो. दाब कमी होतो. ज्या दाबाने तिला पुढे जाताना अडवायचे, तोच ऐन वेळी नाहीसा होतो आणि चक्की आणखी पुढे झुकते. मागे येताना सगळे उलटे होऊन दाब वाढतो आणि तिला मागे ढकलतो. विरोध करायचा तो वारा हेलकाव्याला साथ देऊ लागतो. हेलकावा शमवण्याला अवमंदन म्हणतात; हे त्याच्या उलट, म्हणून अभियंते याला ऋण अवमंदन म्हणतात. हायविंडच्या नियंत्रकात यावर स्वतंत्र उपाय करावा लागला. साधारण उपाय असा की नियंत्रकाला चक्कीच्या हेलकाव्यापेक्षा मंद करायचे. मग पात्यांचा वेग आणि वीज जरा जास्त वर-खाली होतात. स्थैर्य मिळते, पण त्यासाठी विजेचा दर्जा थोडा सोडावा लागतो.

हेलकावा कमी करायचा तर त्यातली ऊर्जा कुठेतरी काढून घ्यावी लागते, याला दुसरा मार्ग नाही. जहाजबांधणीत हे फार आधीपासून ठाऊक आहे. ब्रिटिश नौदलाच्या ‘इन्फ्लेक्सिबल’ या युद्धनौकेवर १८८० च्या दशकात फिलिप वॉट्स यांनी पाण्याच्या टाक्या बसवून पाहिल्या. जहाज एका बाजूला कलंडताना टाकीतले पाणी उशिरा सरकते आणि विरुद्ध बाजूला भार देते. पुढे हाम्बुर्गच्या ब्लोम अँड फॉस गोदीतले हर्मान फ्राम यांनी १९०९ च्या सुमारास इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या टाक्या बनवल्या आणि पाण्याचा आवर्तनकाळ जहाजाच्या आवर्तनकाळाशी जुळवला. दोन्हीकडे टाकीत घुसळणाऱ्या पाण्यात ऊर्जा जिरत होती.

आजच्या तरंगत्या चक्क्याही तेच करतात. पोर्तुगालच्या अगुसादोरा किनाऱ्यासमोर २०११ साली ‘विंडफ्लोट’ नावाचे तीन खांबांचे तरंगते व्यासपीठ २ मेगावॅटची चक्की घेऊन उभे राहिले. त्याच्या तिन्ही खांबांच्या तळाशी रुंद पोलादी पत्रे जोडलेले होते. खांब वर-खाली होऊ लागला की पत्र्याच्या कडांवर पाण्याचे भोवरे सुटतात आणि हेलकाव्याची ऊर्जा त्या भोवऱ्यांत जाते. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ल क्रोआझिकसमोर २०१८ पासून काम करणारी ‘फ्लोटजेन’ ही काँक्रीटची चौकट आहे. तिच्या मधोमध उघडे पाणी कोंडलेले असते. ते पाणी चौकटीच्या उलट लयीत हलते आणि तिचा डोल कमी करते.

म्हणजे लाटेची ऊर्जा आपण आजही काढून घेत आहोत. ती घेऊन भोवऱ्यांत सोडून देत आहोत. इथे कुणालाही प्रश्न पडावा: सोडूनच द्यायची आहे, तर तिच्या वाटेत एक जनित्र का बसवू नये? जनित्र म्हणजे तरी काय? फिरणाऱ्या वस्तूच्या वेगाला विरोध करणारे, आणि त्या विरोधातून वीज देणारे यंत्र. अवमंदन आणि वीजनिर्मिती या एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत.

लाटेपासून वीज घेण्याचा इतिहास मात्र फारसा आनंदाचा नाही. जपानमध्ये योशियो मासुदा यांनी नौकांना वाट दाखवणाऱ्या बोयांचे दिवे लाटेवर पेटवले, आणि ते यशस्वी झाले, कारण गरज थोड्याच वॅटची होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर एडिनबरा विद्यापीठातले स्टीफन सॉल्टर यांनी आपले प्रसिद्ध ‘डक’ घडवले. १९७४ च्या त्यांच्या लेखाने सगळ्या जगाचे लक्ष वेधले. बदकाच्या आकाराचा तो तरंगता भाग प्रयोगशाळेतल्या कुंडात समोरून येणाऱ्या नियमित लाटेची बहुतेक ऊर्जा टिपून घेत असे आणि त्याच्या मागे पाणी जवळजवळ शांत राही. सॉल्टर यांचे फेब्रुवारी २०२४ मध्ये निधन झाले. त्यांचे यंत्र भर समुद्रात पूर्ण आकाराने कधीच उभे राहिले नाही. पण मागे उरलेल्या त्या शांत पाण्याला वापर आहे, हे तरंगत्या चक्क्या आल्यावर आज आपल्याला दिसते आहे.

सॉल्टर यांच्याच काळात नॉर्वेतल्या त्रॉनहाइममध्ये केल बुदाल आणि योहानेस फाल्नेस या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी लाट शोषून घेण्याचा सिद्धांत मांडला. लाट शोषायची तर स्वतः लाट निर्माण करावी लागते. यंत्राने निर्माण केलेली लाट येणाऱ्या लाटेशी विरुद्ध कलेत भेटली, तर मागे जाणारी लाट पुसली जाते. त्या पुसल्या गेलेल्या लाटेची ऊर्जा यंत्रात आलेली असते. जी वस्तू स्थिर पाण्यात हलून चांगली लाट उठवू शकत नाही, ती लाट शोषूही शकत नाही. याच सिद्धांताचा एक चकित करणारा निष्कर्ष असा, की वर-खाली होणारा एक छोटा गोल तरंगक तरंगलांबीला २π ने भागल्यावर येईल तेवढ्या रुंदीची लाट शोषू शकतो. आठ सेकंदांच्या लाटेची खोल पाण्यातली तरंगलांबी सुमारे १०० मीटर, म्हणजे ही रुंदी १६ मीटर येते, मग तरंगक चारच मीटरचा का असेना. अट एकच, तो अनुस्पंदनात जोरात हलला पाहिजे.

पेच इथेच आहे. लाटयंत्राला जास्तीत जास्त हलायचे आहे आणि पवनचक्कीला अजिबात हलायचे नाही. दोघांना एकाच तराफ्यावर बसवायचे कसे? उत्तर सापेक्ष गतीत आहे. तराफ्याला जोडलेला पण त्याच्यापेक्षा वेगळ्या लयीत हलणारा एक भाग हवा. तो भाग लाटेत मोकळेपणी हलेल, आणि तराफा व तो भाग यांच्यामधल्या फरकावर जनित्र बसेल.

असे प्रयत्न झाले आहेत. डॅनिश कंपनी फ्लोटिंग पॉवर प्लांटने २००८ पासून ‘पोसायडन’ नावाचा ३७ मीटर रुंदीचा तराफा विंडबीच्याच शेजारी ऑनसेविकसमोर तरंगवला. त्याला लाटेवर वर-खाली झुलणारे तरंगक होते आणि वर तीन छोट्या पवनचक्क्या होत्या. नॉर्वेच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात तुर्गैर मुआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायविंडसारख्या स्तंभाभोवती वर-खाली सरकणारे एक तरंगते कडे कल्पिले, आणि दुसऱ्या आराखड्यात तीन खांबांच्या व्यासपीठाला पाण्याखाली फडफडणाऱ्या झडपा जोडल्या. युरोपीय संघाच्या प्रकल्पात रोम आणि नाँत इथल्या कुंडांत दोन्हींची छोटी प्रतिरूपे तपासली गेली. वादळात कडे पाण्याच्या पातळीवर जखडून ठेवले तर लाटा त्याच्यावर आपटतात, असे कुंडात दिसले, म्हणून वादळ आले की कडे पाण्याखाली ओढून घ्यायची पद्धतही तपासली गेली. लाटयंत्रांचा खरा शत्रू असे वादळ असते. रोजच्या लाटेसाठी बांधलेल्या यंत्राला वर्षातून एकदा येणाऱ्या लाटेत टिकावे लागते.

मला स्वतःला सर्वांत आशादायक वाटते ते बिल्बाओमधल्या बास्क प्रदेश विद्यापीठातले काम. इझास्कुन गारिदो, ऐतोर गारिदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या बार्जविषयी मी मघाशी बोललो, तिच्यातच पाण्याच्या कोठ्या कल्पिल्या. कोठी खालून समुद्राला उघडी आणि वर हवेची पोकळी. लाट आली की आत पाणी चढते आणि हवा टर्बाइनमधून बाहेर जाते. पाणी उतरले की हवा आत येते. टर्बाइन वेल्स पद्धतीचे असते. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या ॲलन वेल्स यांनी ते शोधले. हवा कुठूनही आली तरी ते एकाच दिशेने फिरते. स्कॉटलंडच्या आयला बेटावर आणि बास्क प्रदेशातल्याच मुत्रिकू बंदराच्या धक्क्यात अशा कोठ्यांनी वर्षानुवर्षे वीज दिली आहे. समुद्राच्या पाण्यात हलणारा एकही लोखंडी भाग यात नाही, ही फार मोठी गोष्ट आहे.

या कोठ्या तोल कसा सांभाळतात? बार्ज पुढे झुकते तेव्हा पुढची कोठी पाण्यावर खाली येते आणि आतली हवा दाबली जाते. हवा जायला वाटच ठेवली नाही, तर ती स्प्रिंगसारखी वागते: किती दाबली यावर विरोध ठरतो, आणि घेतलेली ऊर्जा ती लगेच परत करते. हवेच्या वाटेवरची झडप पूर्ण उघडी ठेवली, तर विरोधच होत नाही. मात्र हवेला टर्बाइनच्या अरुंद वाटेने जायला लावले, की किती वेगाने दाबली यावर विरोध ठरतो. हे खरे अवमंदन. यात ऊर्जा परत येत नाही, ती विजेत जाते. बिल्बाओच्या गणितात आणखी एक गोष्ट दिसली. लाटेच्या काही आवर्तनकाळांना झडपा उघड्या ठेवल्यावर बार्ज कमी डोलते, काहींना बंद ठेवल्यावर. मग समोरून येणाऱ्या लाटेचा आवर्तनकाळ मोजून झडपा उघडायच्या किंवा मिटायच्या, अशी नियंत्रणाची रीत त्यांनी मांडली. हे काम संगणकावरच्या प्रतिरूपांचे आहे, पण त्यातला विचार पक्का आहे. जी बार्ज डोलते म्हणून बाजूला पडली होती, तिलाच वापरण्याजोगे करण्याचा हा मार्ग आहे.

आता विजेचा हिशेब. खोल पाण्यात लाटेच्या एका मीटर रुंदीतून वाहणारी शक्ती किलोवॅटमध्ये ढोबळमानाने अशी काढतात: उंचीचा वर्ग, गुणिले आवर्तनकाळ, भागिले दोन. दोन मीटर उंचीच्या आणि आठ सेकंदांच्या लाटेला १६ किलोवॅट. ४० मीटर रुंद बार्जसमोर ६४० किलोवॅट. त्यातला तिसरा हिस्सा हाती लागला तरी खूप झाले, म्हणजे २०० किलोवॅटच्या आसपास. त्याच बार्जवरची ५ मेगावॅटची चक्की सरासरी दोन हजार किलोवॅटच्या पुढे देते. लाटेचा वाटा दहाव्या हिश्शाइतका किंवा कमीच. आणि त्यासाठी टर्बाइन, झडपा, देखभाल हे सगळे वाढलेले. एवढ्या हिशेबावर कोणतीही बँक नाहीच म्हणेल, आणि तिचे चुकतही नाही.

पण हिशेबाची दुसरी वही उघडा. आठ सेकंदांची लाट वर्षाला सुमारे ३९ लाख वेळा येते, २५ वर्षांत जवळजवळ १० कोटी वेळा. प्रत्येक वेळी टॉवरच्या पायथ्याचे वेल्डिंग ताणले जाते आणि सैल सोडले जाते. धातू असा शिणत जातो आणि शेवटी त्याला तडा जातो. वेल्ड केलेल्या पोलादाचे आयुष्य ताणाच्या चढउताराच्या किमान तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे लाटेने पडणारा ताण २० टक्क्यांनी कमी झाला, तर त्या जोडाचे आयुष्य जवळजवळ दुप्पट होते. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर तेवढ्याच आयुष्यासाठी टॉवर आणि तराफा यांत कमी पोलाद लागते. २०० किलोवॅटच्या विजेपेक्षा ही बचत कितीतरी मोठी असू शकते.

आणि माणसांचे काय? समुद्रातल्या चक्कीवर दुरुस्तीसाठी छोट्या बोटीतून शिडीवर पाय ठेवावा लागतो. लाट साधारण दीड मीटरच्या वर गेली की ते काम थांबवतात. तळावर रोवलेल्या चक्कीत निदान शिडी तरी स्थिर असते. तरंगत्या चक्कीत बोटही हलते आणि शिडीही. वर चढलेला तंत्रज्ञ ९० मीटर उंचीवर, पुढे-मागे जाणाऱ्या खोलीत बोल्ट आवळत असतो. त्याला मळमळत असेल, त्याचा हात चुकेल, हे गणितात क्वचितच घेतले जाते. मोठा भाग बदलायचा तर पंचाईत आणखी वाढते. २०२४ मध्ये हायविंड स्कॉटलंडच्या पाचही चक्क्या मोठ्या दुरुस्तीसाठी नांगराच्या साखळ्या सोडून नॉर्वेपर्यंत ओढत न्याव्या लागल्या. समुद्रातच दुरुस्ती करता येण्यासाठी जे जे हलणे कमी करील, त्याचे मोल वाढलेल्या कामाच्या दिवसांत मोजावे लागेल. मला या विषयातली सर्वांत जिव्हाळ्याची बाजू हीच वाटते.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हायविंडसारख्या खोल स्तंभाला या युक्तीचा फार उपयोग नाही, कारण त्याचा स्वाभाविक हेलकावा लाटेच्या पट्ट्याबाहेर आहे. उपयोग आहे तो उथळ बार्जला. एका आवर्तनकाळाला डोल कमी करणारी कोठी दुसऱ्या आवर्तनकाळाला तो वाढवूही शकते. झडप नादुरुस्त झाली तर चक्की आधीपेक्षा वाईट अवस्थेत जाऊ नये, हे आराखड्यातच पाहिले पाहिजे. काही क्षणी तोल सांभाळण्यासाठी यंत्राला वीज देण्याऐवजी घ्यावी लागेल. तेव्हा स्थैर्य आणि वीज यांत निवड करायची वेळ आली, तर स्थैर्य निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या देशाशीही लाट आणि वारा या दोन्ही गोष्टींचा संबंध आहे. केरळमध्ये विळिंजमच्या मच्छीमार बंदरात मद्रासच्या आयआयटीने १९९१ साली कोठी पद्धतीचे १५० किलोवॅटचे लाटकेंद्र उभारले. पश्चिम किनाऱ्याचा स्वभाव तिथे दिसतो. जून ते सप्टेंबर खवळलेला समुद्र, बाकीचे आठ महिने बऱ्यापैकी शांत. पावसाळ्याच्या लाटेसाठी बांधलेले केंद्र वर्षाचा मोठा भाग अर्धपोटी राहते. वीजकेंद्र म्हणून हा दोषच. पण तेच यंत्र तरंगत्या चक्कीचा तोल सांभाळायला बसवले, तर हा दोष उरत नाही. लाट नसेल तेव्हा तोल सांभाळायचा प्रश्नच नसतो, आणि जेव्हा लाट असते तेव्हा यंत्र पूर्ण जोराने काम करत असते.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गुजरात आणि तमिळनाडू यांच्यासमोर प्रत्येकी ५०० मेगावॅट. या चक्क्या उथळ पाण्यात तळावर रोवलेल्या असतील, आणि सुरुवात तिथूनच व्हायला हवी. पण कोकणची बंदरे पाहा. खाड्या गाळाने भरलेल्या, पाणी उथळ. ७८ मीटर खोल स्तंभ इथे कुणी उभा करू शकणार नाही. ४ मीटर बुडणारी बार्ज मात्र इथल्या गोद्यांच्या आवाक्यात आहे. मुंबई हाय हे तेलक्षेत्र १९७४ साली सापडले. तिथे पाणी सुमारे ७५ मीटर खोल आहे, म्हणजे रोवलेल्या चक्कीची मर्यादा संपते त्याच्या थोडे पुढे. नॉर्वेत हायविंड टाम्पेनच्या ११ तरंगत्या चक्क्या स्नोर्रे आणि गुलफाक्स या तेलक्षेत्रांना वीज देत आहेत. तसा विचार आपल्याकडेही करून पाहायला हरकत नाही.

अडचण आहे ती करारांची. वीजखरेदीचा करार युनिटवर पैसे देतो. न झालेल्या हेलकाव्याला, न पडलेल्या तड्याला, तंत्रज्ञाला मिळालेल्या जादा कामाच्या दिवसाला त्यात रकाना नाही. म्हणून कोणतीही कंपनी आपण होऊन कोठ्या आणि झडपा बसवणार नाही. हे सार्वजनिक पैशानेच आधी करून दाखवावे लागेल, आणि ते फार खर्चिक नाही. एक बार्ज, तिच्यावर २ मेगावॅटची वापरलेली चक्की, चार कोठ्या. दोन पावसाळे ती समुद्रात ठेवावी. एक आठवडा झडपा पूर्ण उघड्या, पुढचा पूर्ण बंद, त्यानंतरचा टर्बाइनमधून हवा जाऊ देत, असा क्रम चालू ठेवावा. टॉवरच्या पायथ्याशी आणि साखळ्यांवर ताणमापक लावून प्रत्येक लाटेची नोंद ठेवावी. किती वीज मिळाली ही नोंदही ठेवावी, पण अहवालाच्या पहिल्या पानावर ताणाचे आकडे छापावेत, आणि ते सगळ्यांना खुले असावेत.